क्योटो ठाऊक आहे, कंधार ठाऊक नाही

आठवी-नववीतल्या एखाद्या कॉम्प्युटरवेड्या मुलाला विचारून पाहा, क्योटो कुठे आहे? तो नकाशा न बघता सांगेल. जपानच्या दक्षिण टोकाला शिमाझू घराण्याचे राज्य होते, ओडा घराणे मध्यभागी होते, ताकेदांचे घोडदळ नावाजलेले होते, हेही सांगेल. मग त्याला विचारा, आपल्याच नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला कोणाकोणाकडे होता? तो गप्प बसेल. त्याला रागावण्याआधी हाच प्रश्न आपण मोठ्यांनी स्वतःला विचारावा. आपल्यापैकी बरेच जण त्याच्यासारखेच गप्प बसतील.

आम्ही धर्माबादचे. मिरचीचा बाजार, गोदावरी आणि पलीकडे लगेच तेलंगणा, एवढी आमच्या गावाची ओळख सांगितली तरी मराठवाड्यातल्या वाचकाला पुरते. आम्ही दोघे नवरा-बायको. एक जण आडतीवर हिशेब लिहितो, एक जण घर आणि शिवणकाम सांभाळते. घरात दादी आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. सामुराई योद्ध्यांच्या लढाईचा एक कॉम्प्युटर खेळ आमच्या घरी आला आणि राहिला. खेळ चांगला की वाईट एवढा निकाल देऊन मोकळे व्हायचे असते तर दहा ओळी पुरल्या असत्या. पण त्या खेळाच्या निमित्ताने घरात एक असा प्रश्न निघाला, जो आपल्या बहुतेक घरांत कधी ना कधी निघतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

खेळ आहे तरी काय?

खेळाचे नाव ‘टोटल वॉर: शोगुन २’. इंग्लंडमधल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो बनवला आणि सेगा या जपानी कंपनीने २०११ मध्ये बाजारात आणला. त्याआधीचा पहिला ‘शोगुन’ २००० सालचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, एप्रिलच्या शेवटी, कंपनीने हा दुसरा खेळ चार-पाच दिवसांसाठी फुकट दिला होता. त्या दिवसांत जो आपल्या खात्यात घेईल त्याचा तो कायमचा. रमजान नुकताच लागला होता. तरावीह घरात, शाळा बंद, आडतीचे काम मंदावलेले. आमच्या मुलाने मित्राच्या सांगण्यावरून खेळ खात्यात घेऊन ठेवला. जुन्या कॉम्प्युटरवर तो पूर्ण उतरवायला मात्र पुढचे कित्येक आठवडे लागले, कारण मोबाइलचा रोजचा डेटा अर्ध्या रात्रीतच संपायचा.

खेळातला नकाशा सोळाव्या शतकातल्या जपानचा आहे. साल १५४५. क्योटोत सम्राट आहे, त्याच्या नावाने राज्य चालवणारा सेनापती म्हणजे शोगुनही आहे, पण त्याचे कोणी ऐकत नाही. प्रांताप्रांतात सरदार घराणी आहेत. अशा सरदाराला दाइम्यो म्हणत. खेळणाऱ्याने एक घराणे निवडायचे, शेजाऱ्यांशी तह करायचे, लढायचे आणि शेवटी क्योटो घेऊन स्वतः शोगुन व्हायचे.

खेळाचे दोन भाग आहेत. पहिला नकाशावरचा. तिथे बुद्धिबळासारखे एकामागून एक डाव होतात, आणि एक डाव म्हणजे एक ऋतू. चार डाव खेळले की वर्ष संपते. दुसरा भाग मैदानातला. दोन सैन्ये समोरासमोर आली की टेकड्या, झाडी, धुके, पाऊस असलेली रणभूमी उघडते आणि शेकडो छोटी छोटी माणसे भाले घेऊन धावू लागतात. तिथे घाई चालते, पण खरा वेळ नकाशावरच जातो. “अम्मी, एवढा हिवाळा संपू द्या, मग उठतो,” हे वाक्य आमच्या घरात भर मे महिन्यात ऐकू यायचे. बाहेर पत्रे तापलेले असायचे आणि आमचा मुलगा बर्फात अडकलेल्या सैन्याच्या काळजीत असायचा.

तलवारीआधी तांदूळ

आमच्यातला जो आडतीवर हिशेब लिहितो, तो एका रात्री इशाची नमाज झाल्यावर मुलाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. त्याला वाटले होते, कापाकापी दिसेल. पडद्यावर दिसला तो जमाखर्च. या प्रांतातून इतका वसूल, त्या बंदरातून इतका व्यापार, सैन्याच्या पगारावर इतका खर्च, शिल्लक इतकी. कर वाढवला की रयत कुरकुरते, फार वाढवला की बंड होते. किल्ला मोठा केला, बाजारपेठ वाढवली की धान्य जास्त लागते. धान्य कमी पडले की सगळ्या राज्याची वाढ खुंटते. हिवाळ्यात सैन्य परमुलखात ठेवले तर लढाई न होताच माणसे कमी होत जातात.

एकदा मुलाने जोशात सैन्य दुप्पट केले. पुढच्याच ऋतूत पगाराला पैसे उरले नाहीत. आडतीवर असे व्यापारी दर दोन-चार वर्षांनी दिसतात. मिरचीचा भाव चढा असताना उधारीने पोती भरायची आणि भाव उतरला की तोंड लपवायचे. “पोटापुरते सैन्य ठेव,” असा सल्ला अब्बांनी दिला आणि त्या दिवसापासून मुलगा खेळाबद्दल घरात बोलू लागला. त्याआधी तो आणि त्याचा पडदा असे दोघेच होते.

खेळातल्या पैशाला ‘कोकू’ म्हणतात. हा शब्द खरा आहे. जपानात कोकू हे तांदळाचे माप होते, साधारण १८० लिटरचे, म्हणजे सुमारे दीडशे किलो तांदूळ. एका माणसाला वर्षभर पुरेल इतके धान्य म्हणजे एक कोकू, असा हिशेब धरत. सरदाराची ऐपत किल्ल्यांवर मोजत नसत, त्याच्या जमिनीत किती कोकू पिकतो यावर मोजत. म्हणजे किती माणसे पोसता येतील, तेवढी त्याची ताकद.

दुसरी गोष्ट माणसांची. जाहिरातीत चिलखत घातलेला सामुराई दिसतो, पण खेळात बहुतेक वेळा मैदान धरून ठेवतात ते ‘आशिगारू’. हे शेतातून आणलेले साधे भालाईत, स्वस्तातले शिपाई. इतिहासातही तसेच झाले. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसांबरोबर तानेगाशिमा बेटावर तोड्याच्या बंदुका आल्या. १५७५ मध्ये नागाशिनोला ओडा नोबुनागाने लाकडी कुंपणामागे बंदूकवाले पायदळ उभे केले आणि ताकेदांच्या नावाजलेल्या घोडेस्वारांचा पराभव केला. नोबुनागानंतर सत्ता हाती आलेला हिदेयोशी तर अशाच साध्या कुटुंबातला होता. त्यानेच पुढे १५८८ मध्ये शेतकऱ्यांकडची शस्त्रे गोळा करून घेतली. आपण ज्या वाटेने वर आलो, त्या वाटेने दुसरा कोणी येऊ नये, ही सत्तेची खोड सगळीकडे सारखीच.

शाळेतून आलेला प्रश्न

मुलगा नववीत असतानाची गोष्ट. इतिहासाचा तास झाला आणि मधल्या सुटीत वर्गातल्या एकाने बोलता बोलता ‘तुमचे लोक’ असे म्हटले. भांडण झाले नाही. म्हणणारा मुलगा वाईटही नव्हता, दोघे आजही एकत्र सायकलवर फिरतात. पण संध्याकाळी घरी आल्यावर मुलाने विचारले, “अब्बा, तेव्हा आपण कोणाच्या बाजूचे होतो?”

वाचकहो, हा प्रश्न तुमच्याही घरी आला असेल. आपली उत्तरे ठरलेली असतात. कोणी म्हणतो, गप्प बस, अभ्यास कर. कोणी चिडून दुसऱ्यांची उणीदुणी काढतो. आणि बरेच जण निष्ठावंत मुस्लिम सरदारांची नावे सांगतात. ती नावे खरीच आहेत आणि ती मुलांना ठाऊक असलीच पाहिजेत. पण नुसती नावेच मोजून दाखवली की मुलाला वाटते, आपल्यावर कुठेतरी खटला भरलेला आहे आणि अब्बा साक्षीदार गोळा करत आहेत.

त्या दिवशी मदत झाली ती जपानच्या नकाशाची. धाकट्या बहिणीने सहज विचारले, “भाईजान, ओडा आणि ताकेदा यांचा धर्म वेगवेगळा होता का?” नव्हता. भाषा एक, देवळे एक, सण एक. तरी अशी घराणी शंभर-सव्वाशे वर्षे एकमेकांशी लढत राहिली. कशासाठी? तांदळाची जमीन, बंदर, घाटातला रस्ता आणि क्योटोची गादी. हे मुलाने स्वतःच सांगितले, कारण तो दोन वर्षे त्याच गोष्टींसाठी डाव खेळत होता. त्या लढाईत आपली बाजू कोणतीच नव्हती. आपल्या खापरपणजोबांचा तिथे काही संबंध नव्हता. म्हणून त्याला ती सरळ दिसत होती.

तिथे धर्माचे नाव कधी निघालेच नाही, असे नाही. नोबुनागाने १५७१ मध्ये हिएई डोंगरावरचा मोठा बौद्ध मठ जाळला, आणि इक्को पंथाच्या लोकांशी तो दहा वर्षे लढला. मठांकडेही जमिनी होत्या, किल्ले होते, हत्यारबंद माणसे होती. राजसत्तेला धर्माची नव्हे, त्या ताकदीची धास्ती होती.

मग आम्ही त्याच नकाशाशेजारी आपला नकाशा ठेवला. १५४५ मध्ये दख्खनमध्ये काय होते? अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, बीदर आणि वऱ्हाड अशा पाच शाह्या, आणि दक्षिणेला विजयनगर. आपला गोदाकाठ यांच्याच सीमांवर होता. म्हणजे आपल्याही इथे दाइम्योच होते की! फक्त आपण त्यांना तसे पाहत नाही.

तालिकोट, भातवडी, उदगीर

खेळात एक गमतीची अवस्था येते. तुमचे राज्य फार वाढले, नाव फार झाले की एके दिवशी सगळे एकदम तुमच्याविरुद्ध होतात. कालपर्यंतचे दोस्तही एकेक करून तह मोडू लागतात. मुलगा पहिल्यांदा इथेच हरला आणि म्हणाला, “हा खेळ खोटा आहे. दोस्त असे उलटत नाहीत.”

उलटतात. १५६५ ची तालिकोटची लढाई घ्या. शाळेत ती बहुधा एका ओळीत संपते, मुसलमान सुलतान एक झाले आणि विजयनगर बुडाले. त्या एका ओळीच्या मागे वीस वर्षांचे राजकारण आहे. विजयनगरचा कारभारी रामराया याने कधी या सुलतानाला, कधी त्या सुलतानाला साथ देऊन सगळ्यांना एकमेकांशी झुंजवले होते. गोवळकोंड्याचा इब्राहिम कुतुबशाह गादीवर येण्याआधी भावाच्या भीतीने सात वर्षे विजयनगरच्या आश्रयाला राहिला होता. विजापूरच्या अली आदिलशाहाने रामरायाच्या मदतीने अहमदनगरवर चाल केली होती. रामरायाच्या फौजेत मुसलमान सरदार होते. पुढे रामराया इतका वरचढ झाला की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे चार सुलतान एकत्र आले. वऱ्हाड त्यात नव्हते. लढाई जिंकल्यावर हे चौघे पुन्हा एकमेकांशी भांडू लागले. मुलाने हे ऐकले आणि म्हणाला, “अब्बा, हा तर माझाच डाव आहे.”

त्यानंतर भातवडी. अहमदनगरजवळचे हे गाव. १६२४ साल. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा हबश देशातून गुलाम म्हणून विकत आणलेला माणूस. स्वतःच्या कर्तबगारीवर तो राज्याचा कारभारी झाला. त्याने खडकी हे शहर वसवले, तेच पुढचे औरंगाबाद. त्याच्यावर एका बाजूने मोगल आणि दुसऱ्या बाजूने आदिलशाही फौज चालून आली. अंबरने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला, शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, रात्रीचे छापे घालून त्यांना बेजार केले आणि मग लढाई जिंकली. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी इथेच पडले. आणि शहाजीराजांचे सासरे लखुजी जाधवराव मोगलांच्या बाजूला होते. आता सांगा, इथे ‘आपले’ कोण आणि ‘त्यांचे’ कोण? मुसलमानाविरुद्ध मुसलमान, जावयाविरुद्ध सासरा. भातवडीच्या मैदानात धर्माची रेघ ओढायला जागाच सापडत नाही.

ओडा नोबुनागाचा जन्म १५३४ चा, मलिक अंबरचा १५४८ च्या सुमाराचा, आणि शेवटी जपानवर राज्य करणारा टोकुगावा इएयासू १५४३ चा. म्हणजे तिघे एकाच काळातले. मुलांना नोबुनागा माहीत आहे. अंबरची कबर खुलताबादला आहे, तिच्यावरून आपण दरवर्षी उरुसाला जातो आणि पुढे निघून जातो.

तिसरी गोष्ट निष्ठेची. खेळात प्रत्येक सेनापतीच्या नावापुढे निष्ठेचा आकडा असतो. आकडा घसरला की तो पैसे घेऊन फौजेसकट शत्रूकडे जाऊ शकतो. १६०० मध्ये सेकिगाहाराला असेच झाले. ऐन लढाईत कोबायाकावा हिदेआकी हा सरदार उलटला, इएयासू जिंकला, १६०३ मध्ये शोगुन झाला आणि त्याच्या घराण्याची सत्ता १८६८ पर्यंत टिकली.

आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्यात इब्राहिमखान गारदी याच्या तोफा आणि कवायती पायदळ भाऊंच्या बाजूने होते. इब्राहिमखान आधी निजामाकडे होता. पुढच्याच वर्षी १४ जानेवारीला तो भाऊंबरोबर पानिपतावर उभा राहिला. समोर अब्दाली, आणि त्याच्या बाजूला धर्माने आपलेच म्हणावे असे कितीतरी. इब्राहिमखान हलला नाही. त्याचे गारदी मोठ्या संख्येने कापले गेले, तो जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. मुलाने विचारले, “मग तो आपल्या बाजूचा होता ना?” आम्ही म्हटले, तो ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूचा होता. बाजू माणूस निवडतो आणि निवडलेली निभावतो. जन्माबरोबर ती कपाळावर लिहून येत नाही. वर्गात कोणी पुन्हा विचारले तर एवढे सांग, आणि आवाज न चढवता सांग.

पडद्यावर जे दिसत नाही

आमच्या दादींना हा खेळ पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्या एकदा मागून बघत उभ्या होत्या. लढाई संपली, पडद्यावर आकडे आले, आपले इतके मेले, त्यांचे इतके. दादींनी विचारले, “या मेलेल्यांना उचलायला कोण येतं रे?” मुलगा म्हणाला, “कोणी येत नाही दादी, पुढचा ऋतू येतो.”

दादींचे लहानपण १९४८ चे आहे. त्या सप्टेंबरात पाच दिवसांत हैदराबाद संस्थान संपले. आधी रझाकारांनी गावोगाव केलेला जुलूम आणि नंतर मुसलमान वस्त्यांवर कोसळलेले संकट, दोन्ही या भागाने पाहिले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मागाहून दौरा करून अहवाल दिला, त्यात सर्वांत जास्त हानी झालेल्या जिल्ह्यांत नांदेडचे नाव होते. दादी त्याबद्दल फार बोलत नाहीत. एवढेच सांगतात की त्यांच्या आईने कित्येक रात्री चूल पेटवली नाही, धूर दिसू नये म्हणून. शेवटी काही दिवस शेजारच्या पाटलाच्या गोठ्यात काढले. पाटलांनी भाकरी पाठवली. नकाशावर हा गोठा कुठेच दाखवता येत नाही.

खेळ काय लपवतो, हे मुलाला सांगणे आमचेच काम होते. धान्य कमी पडले की पडद्यावर एक लाल आकडा येतो. खऱ्या दख्खनमध्ये १६३० ते १६३२ या काळात भयंकर दुष्काळ पडला. पाऊस नव्हता, आणि त्याच वेळी शाहजहानच्या फौजा बुऱ्हाणपुरात तळ देऊन दख्खनवर मोहिमा करत होत्या. मुमताजमहल १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच वारल्या, त्यांच्यासाठी ताजमहाल उभा राहिला. त्या दोन वर्षांत दख्खन आणि गुजरातेत जी लाखो माणसे उपाशी मेली, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. कर वाढवायची कळ दाबताना धाकटीने भावाला विचारले होते, “त्या तांदूळवाल्याच्या घरी आज काय शिजलं?” आता आमच्या घरात हा प्रश्न चिडवायला वापरतात, पण वापरतात.

आणखी एक गोष्ट खेळात नाही. दोन राज्यांत भांडण झाले तर तह करता येतो, लढता येते, पण कोणाकडे दाद मागता येत नाही. आमच्या तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा आहे. त्याच्या पाण्यावरून महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. मोर्चे निघाले, आंदोलने झाली. शेवटी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ठरलेले पाणी खाली सोडायचे. निकालाने सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. तरी पाण्यासारख्या गोष्टीवरून दोन राज्ये भांडली आणि शेवटी कॅलेंडरवर तारखा ठरल्या, हे आमच्या मुलांना कुठल्याही किल्ल्यापेक्षा आधी दाखवायला हवे, म्हणून आम्ही त्यांना बंधाऱ्यावर घेऊन गेलो.

घरातले नियम

खेळाचा मोह आपल्याला नवा नाही. शतरंज हिंदुस्थानातून इराणात गेला, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात. मराठीतले शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द त्याच प्रवासातले. बगदादच्या दरबारात अस्सूलीसारखे नामांकित खेळाडू होऊन गेले. शतरंजाबद्दल इमामांमध्ये मतभेद आहेत, हे वाचकांना ठाऊक आहे. अनेकांनी तो नापसंतच केला. ज्यांनी थोडी मोकळीक दिली, त्यांनीही अटी घातल्या. पैजेचा पैसा नको, नमाज चुकता कामा नये, जिभेवर शिवी येता कामा नये. प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’मधले दोन रईस आठवा. इंग्रज अवध गिळत होते आणि ते प्याद्यांसाठी भांडत होते. या जुन्या अटी कॉम्प्युटरच्या खेळालाही जशाच्या तशा लागू पडतात, म्हणून आम्ही त्यांच्यावरच घराचे नियम बसवले.

पहिला नियम वेळेचा. या खेळात ‘आणखी एक ऋतू’ कधीच संपत नाही. म्हणून आम्ही तास मोजत नाही, अजान मोजतो. असरनंतर बसायचे, मगरिबची अजान झाली की डाव साठवून उठायचे. नकाशावरचा डाव थांबवून साठवता येतो, त्यामुळे ‘अर्धवट राहील’ ही सबब चालत नाही. परीक्षेच्या महिन्यात वायर दादींच्या पेटीत.

दुसरा नियम पैशाचा. खेळ फुकट मिळाला तरी त्याला जोडून विकायच्या वस्तू असतात. यात तर रक्तपाताचे दृश्यच वेगळे विकत मिळते. मूळ खेळात ते नाही, पैसे भरले की रक्त उडताना दिसते. पालकांनी हे जरूर पाहावे. आमच्या घरी ते घेतलेले नाही. मुलानेही हट्ट केला नाही. रक्ताने डाव जिंकायला काही मदत होत नाही, हे त्याचे कारण.

तिसरा नियम जागेचा. कॉम्प्युटर बैठकीत आहे, दार लावून खेळायचे नाही. येणारा-जाणारा बघतो, दोन शब्द बोलतो. धाकटीलाही तिची पाळी मिळते. ती लढाया टाळते, बंदरे वाढवते आणि भावापेक्षा श्रीमंत असते.

चौथा नियम आमच्यासाठी आहे. महिन्यातून एकदा शेजारी बसायचे आणि विचारायचे, हा कोण, याने तह का मोडला, याचे शेत कुठे आहे? मुलाला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असलेली एखादी गोष्ट तो आपल्याला समजावून सांगू लागला की घरातले बोलणे बदलते. शाळेतला तो अवघड प्रश्न त्याने आमच्यापर्यंत आणला, कारण आधी बर्फात अडकलेल्या सैन्याबद्दलही आम्ही त्याचे ऐकून घेतले होते.

आता मुलाला त्याच कंपनीचा २००९ सालचा ‘एम्पायर’ हवा आहे. त्यात १७०० सालचा नकाशा आहे. मराठे घेऊन खेळता येते, समोर मोगल असतात. म्हणजे या वेळी लढाई परक्या देशातली नाही, आपल्याच मुलखातली आहे, आणि ‘कोणाच्या बाजूचे’ हा प्रश्न पहिल्याच डावाला येणार. आम्ही नाही म्हटलेले नाही. एवढेच सांगितले की आधी कंधार पाहून येऊ. खंदकाने वेढलेला तो किल्ला बहामनी, निजामशाही, मोगल आणि पुढे हैदराबादचे निजाम, इतक्यांच्या हातून गेला आहे. धर्माबादहून सकाळी निघाले तर रात्री परत येता येते. जाताना त्याचा तो सायकलवाला मित्रही येणार आहे. डबा दोन्ही घरून निघेल, असे दोघांच्या अम्मी-आईंनी फोनवर ठरवले आहे.